आत्माराममामांची जीभ

माझ्या कपाटात एका जुन्या फायलीत दोन कागद अंगाला अंग लावून पडले आहेत. एक आहे मद्यनिषेध सप्ताहातल्या 'ओजस्वी भाषणा'बद्दल शाळेने मला दिलेलं प्रशस्तिपत्र. दुसरा आहे त्याच ओजस्वी माणसाला सरकारने दिलेला दारू बाळगण्याचा आणि पिण्याचा परवाना. दोन्हींवर साल चौऱ्याऐंशी. तारखांमध्ये अंतर सतरा दिवसांचं, आणि त्यातही परवाना आधीचा. दोन्ही कागद मी मान खाली घालून घेतले. लोकांना वाटलं, मास्तर विनयशील आहेत.

वास्तविक तोवर मी दारूचा थेंब चाखलेला नव्हता. मी हायस्कुलात मराठी शिकवणारा, आयाबायांच्या ओव्या वहीत उतरवून घेणारा, संध्याकाळी चपला हातात घेऊन रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूवरून चालणारा माणूस. माझ्यासारख्याला सरकारदरबारी मद्यपी म्हणून उभं राहावं लागलं, ते आत्माराममामांच्या जिभेपायी.

मामांचं घर आमच्यापासून तिसरं. ओटीवर बसलं की माडांच्या फटीतून समुद्र दिसतो. दुपारी तो इतका स्वस्थ असतो की कुणीतरी निळं लुगडं वाळत घालून विसरून गेलंय असं वाटावं. त्या ओटीवर, भिंतीला पाठ लावून, मामा निवृत्तीची सव्वीस वर्षं बसले होते. त्याआधीची अठ्ठावीस वर्षं ते गोऱ्यांच्या प्रवासी बोटींवर होते. कामावर काय होते, यावर मांडवीत दोन पक्ष. मामा म्हणत, मी वाईन-बटलर होतो. त्यांच्याच बोटीवर खाली इंजिनात कोळसा ओढणारे शेजारचे गंगारामभाऊ आगवाले म्हणत, "बटलर कसला! भांडी घाशीत होता. मी खालून बघायचो ना!"

बोटीच्या तळातून वरच्या मजल्यावरचं जेवणघर कसं दिसतं, हे गंगारामभाऊंना कुणी विचारलं नाही. टिंगल करणाऱ्याला पुरावा मागण्याची आपल्याकडे रीत नाही.

मामांचा पुरावा मात्र होता. एका पेटाऱ्यात गवतावर निजवलेल्या पाच बाटल्या. बावन्न साली, हिंदी महासागरात वारा पडलेल्या एका संध्याकाळी, बोटीच्या कप्तानाने मामांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि समोर पाच पेले ठेवले. मामांनी एकेक घोट घेतला आणि पाचही पेल्यांची जात आणि वय सांगितलं. सगळं जेवणघर टाळ्या वाजवत उभं राहिलं. कप्तानाने त्याच पाच जातींची एकेक बाटली मामांना बक्षीस दिली. "ह्या मी पंचाहत्तरीला उघडणार," असं मामांनी त्याच रात्री ठरवलं. तेव्हापासून दर खंडेनवमीला घरातला कोयता, विळी, पाटावरवंटा यांच्या रांगेत त्या पाच बाटल्यांना हळदकुंकू लागत असे. मामा त्या उजेडात धरून म्हणत, "बत्तीस वर्षं झाली, विठू. एक बोट खाली उतरली नाही. काय बूच आहे बघ!"

मामांची पंचाहत्तरी दसऱ्यानंतरच्या चौथ्या दिवशी यायची होती. पण श्रावणात आनंदीमामींनी चुकून आमटीत दोनदा मीठ घातलं. मामांनी ती भुरके मारून प्यायली आणि "झकास" म्हणाले. मामी मागच्या दाराने आमच्याकडे आल्या आणि पदराने डोळे पुसत बसल्या. संध्याकाळी मी गेलो, तेव्हा मामा समुद्राकडे बघत होते.

"विठू, माझी जीभ ओहोटीला लागली रे," ते म्हणाले. "रोज थोडी उतरते. पंचाहत्तरीपर्यंत टिकली तर टिकली. एकदा, फक्त एकदा पाच पेले समोर मांडून बघायचंय. सांगता आलं, तर मी बटलर. नाही आलं, तर गंगाराम म्हणतो ते खरं. मग मलासुद्धा वाटायला लागेल की मी भांडीच घासली असतील."

हे त्यांनी इतकं हळू सांगितलं की मी 'हो' म्हणून गेलो. माझ्या आयुष्यातले सगळे घोटाळे असल्या हळू आवाजात सुरू झालेले आहेत.

त्यानंतर पंधरा दिवस मामांनी मला शिकवलं. मी वही घेऊन बसे. समोर मामी सुपात तांदूळ निवडत, काही न ऐकल्यासारखं करत. मामा सांगत, ही साधी दारू नव्हे. द्राक्षाचा रस आंबू लागतो, त्याच्या साखरेची हळूहळू दारू व्हायला लागते. ती सगळी संपायच्या आतच त्यात जळजळीत ब्रँडी ओततात. आंबणं जागच्या जागी थांबतं आणि उरलेली गोडी आत कोंडली जाते, ती कायमची. "खेळता खेळता पोर झोपली ना, की तिच्या मुठीत खडे तसेच राहतात, तशी," मामा म्हणत.

मग पाच जणी. रुबी पोर्ट सगळ्यात धाकटी, लालभडक, नाकाने बोलणारी. शेरी वाळल्या गवताच्या रंगाची, तिच्यात भिजवलेल्या बदामाचा वास. टॉनी म्हणजे पोर्टच, पण वीस वर्षं लाकडी पिंपात बसून तिचा लाल रंग उतरतो आणि घासलेल्या तांब्याच्या कळशीचा येतो. चौथी मदेरा. ती पूर्वी जहाजाच्या पोटात घालून मुद्दाम उष्ण समुद्रांतून फिरवून आणत, कारण उन्हाने आणि हेलकाव्याने ती पिके. "माझ्यासारखी," मामा म्हणत. आणि शेवटची विंटेज पोर्ट. एकाच सालच्या द्राक्षांची, बाटलीतल्या अंधारात पिकणारी, तळाशी गाळ धरणारी. ती कमी बोलते, पण तिचं बोलणं घशात बराच वेळ राहतं.

मी हे सगळं लिहून घेई आणि घरी जाताना मला वाटे, आपण रत्नागिरीत नाही, कुठल्यातरी जहाजाच्या कठड्याला टेकून उभे आहोत. पायाखाली काळं पाणी आहे आणि आत कुणीतरी पेले मांडतंय. मग माझी बायको मालन म्हणे, "रॉकेलचा डबा आणायला सांगितला होता."

पहिला खोडा गंगारामभाऊंनी घातला. पाच पेल्यांची गोष्ट त्यांच्या कानावर गेली आणि ते ओटीवर येऊन म्हणाले, "परीक्षा घ्या हो, पण परवाना हाय काय? बिगरपरवाना बाटली घरात ठेवणं गुन्हा हाय. बत्तीस वर्षांचा गुन्हा!"

मामा परवान्याच्या कचेरीत यायला तयार होईनात. परवाना आरोग्यरक्षणासाठी मिळतो, हे कळल्यावर तर ते उसळलेच. "मी आजारी नाय! औषध म्हणून विंटेज घेऊ? कप्तान काय म्हणेल?" कप्तान बहुधा वारला होता, पण मामांच्या लेखी तो अजून बघत होता. तेव्हा परवाना माझ्या नावाने काढायचा ठरला.

कचेरीतले कारकून चष्म्याच्या वरून बघणारे होते.

"व्यवसाय?"

"शिक्षक."

"विषय?"

"मराठी."

"हं," असं म्हणून त्यांनी सहानुभूतीने मान हलवली. मग बोट एका रकान्यावर टेकवलं. "इथे 'कारण' लिहा. आरोग्याचं. नुसतं आरोग्य चालत नाही, काय बिघडलंय ते हवं. डॉक्टरचा दाखला जोडा."

मी ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि दुर्दैवाने माझ्यात काहीच बिघडलेलं नाही, असं सांगितलं. फार आग्रह केल्यावर त्यांनी 'जीर्ण अग्निमांद्य' असं लिहून दिलं. तो कागद मी शर्टाच्या खिशात ठेवला आणि मालनने शर्ट धुवायला टाकताना वाचला. दुसऱ्या दिवशी विहिरीवर सगळ्या आळीला कळलं की मास्तरांना अन्न पचत नाही. गंगारामभाऊंच्या यमुनाबाई ओव्याची पुरचुंडी घेऊन आल्या. "रोज उपाशीपोटी चावायचा. आणि वारा सरत नसेल तर लाज धरायची नाय," असं त्यांनी माझ्या शिकवणीच्या आठ मुलांदेखत सांगितलं. मुलांनी ते वहीत लिहून घेतलं नाही, एवढंच. पुढचे आठ दिवस सणासुदीच्या पंगतीत माझ्या पानात कुणी दुसरी पुरणपोळी वाढली नाही. पण परवाना आला.

मग पेले. मामांना नाजूक काचेचे, सगळे सारखे पाच पेले हवे होते. आळीत सारखे पाच म्हटले तर स्टीलचे. मी शाळेच्या प्रयोगशाळेतले पाच बीकर मागायला गेलो. तिथला शिपाई धोंडू रजिस्टर उघडून म्हणाला, "मास्तर, मराठीला बीकर? हितं कारण लिहावं लागतं." पुन्हा तोच रकाना! आपल्या देशात माणसाला एवढी कारणं कुठून आणायची असतात देव जाणे. मी लिहिलं, 'रसग्रहणासाठी'. हेडमास्तरांनी ते वाचून मला बोलावलं, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "असं नवं काहीतरी करणारा शिक्षक शाळेत आहे!" आणि मद्यनिषेध सप्ताहाच्या समारोपाचं भाषण माझ्या गळ्यात घातलं.

इथवर सगळं माझ्या अब्रूवर चाललं होतं, मामांच्या नाही, म्हणून मी शांत होतो.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मामांकडे गेलो तर मामा समुद्रावर फिरायला गेलेले. मामी माजघरात एकट्याच होत्या. पुढ्यात उघडा पेटारा, हातात वितळलेल्या लाखेची वाटी. त्या हलक्या आवाजात काहीतरी म्हणत होत्या. सवयीने माझा हात वहीकडे गेला.

दर्या रे दर्या दादा, तुझं पाणी किती खार,
माझ्या कारभाऱ्याची गोडी जप थोडीफार.

मला पाहून त्या दचकल्या. मग बाटली मांडीवर ठेवून म्हणाल्या, "विठू, बस. मी एक वाईट केलंय. बत्तीस वर्षं करतंय."

मी बसलो.

"ते बाटल्या घेऊन पहिल्यांदा घरी आले ना, तेव्हा स्पेनची गोष्ट सांगितलीनी. तिकडं म्हणे पिंपांच्या उतरंडी असतात. सगळ्यात जुन्या पिंपातली थोडी काढायची, पण पिंप रिकामं नाय करायचं. काढली तेवढी त्याच्या वरच्यातली त्यात घालायची, त्याच्यात त्याच्या वरच्यातली. नवी घालायची ती सगळ्यात वरती. म्हंजे जुनी कधी संपत नाय. जुनी नवीला शिकवते. मी म्हटलं, ह्यात काय, विरजणासारखंच हाय."

"मग?"

"मग ते गेले बोटीवर. आषाढात यमुना अडली. रात्रभर पाऊस, खाडी भरलेली, डॉक्टर येईना. बाळ झालं, पण यमुनेचं अंग गार पडलं, डोळा उघडीना. मना आठवलं, ते म्हणाले होते ही जुनी फार गरम. मी लाख फोडली आणि दोन चमचे पाजले. तिनं डोळे उघडले रे, विठू." मामींनी लाखेच्या वाटीकडे पाहिलं. "मग भ्याले. बाटली दोन चमचे उणी झाली. म्हणून स्पेनसारखं केलं. विंटेजमध्ये मदेरा घातली, मदेरात टॉनी, टॉनीत शेरी, शेरीत रुबी."

"आणि रुबीत?"

"रुबीत काय घालणार? आमच्या विहिरीवर जांभूळ होतं. त्याचा रस काढला, गूळ घातला, जरा आंबू दिला. ते म्हणाले होते ना, आंबत असताना कडक ओतली की गोडी आत राहते? जनी घरी गाळायची ती काजूची दारू आणली पहिल्या धारेची, आणि ओतली."

सातवी पास झालेली ही बाई, मांडवीच्या माजघरात बसून, एका गोष्टीच्या आधारावर, जगातल्या मोठमोठ्या कोठारांतलं काम एकटीने करत आली होती. वर दर वेळी लाखेचं सीलसुद्धा.

"असं किती वेळा केलंत, मामी?"

"आळीत बाळंतीण झाली की. एक्केचाळीस." त्यांना स्वतःला मूल नव्हतं. मांडवीत ही गोष्ट कुणी बोलत नसे, आणि त्या दिवशी त्याही बोलल्या नाहीत. "मालनला दोन्ही वेळा दिली."

मी तडक घरी येऊन मालनला विचारलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "हो. सगळ्या बायकांना ठाऊक आहे. पुरुषांना कशाला सांगायचं?" म्हणजे ज्या बाटल्यांवर आळीतले पुरुष तीस वर्षं वाद घालत होते, त्या आळीतल्या बायका तीस वर्षं पीत होत्या.

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला घाम फुटला. मामा सोमवारी, पंचाहत्तरीच्या दिवशी, डोळे बांधून बसणार. पेल्यात रुबी नाही, शेरी नाही, सगळ्यांत एकच जांभूळ. उतरलेली जीभ, आणि त्यात हे. मामा पाचही चुकणार, गंगारामभाऊ हसणार आणि मामा मरेपर्यंत स्वतःला भांडीवाला समजणार.

निदान एक बाटली तरी खरी असावी, म्हणून शनिवारी सकाळी मी परवाना घेऊन आयुष्यात प्रथमच दारूच्या दुकानात गेलो. दुकानदाराने शेल्फामागून एक धुळकट तांबडी पोर्ट काढली. ती पिशवीत घालून मी पायरी उतरतो, तोच समोरून आमच्याच शाळेची मद्यनिषेधाची प्रभातफेरी आली. फलकांवरच्या घोषणा मी रचलेल्या. 'प्याला टाका, संसार राखा!' दीडशे मुलांनी मला पाहिलं, आणि एका सुरात म्हणाली, "नमस्ते सर!" हेडमास्तर पुढे आले. मला वाटलं, संपलं. ते गहिवरून म्हणाले, "थेट दुकानदाराचं मन वळवायला गेला होतात! वा!" आणि मला फेरीच्या अग्रभागी घातलं. गावभर मी हात उंचावून घोषणा देत चाललो. दुसऱ्या हातातली पिशवी प्रत्येक घोषणेला गुडघ्यावर आपटून 'टण्' असा दुजोरा देत होती.

एवढं सोसून आणलेली ती बाटली मामींनी नुसती हुंगली. "ह्याच्यात कायपण गोष्ट नाय," म्हणाल्या. "नको, विठू. खोटं घालून त्यांची परीक्षा नको. जे हाय ते हाय." आणि ती त्यांनी फळीवर ठेवून दिली.

सोमवारी सकाळी मी भाषण केलं. काय बोललो ते आठवत नाही. प्रशस्तिपत्र घेताना डोळ्यांसमोर पाच बीकर होते.

चार वाजता मामांच्या ओटीवर सगळे जमले. कोजागिरी जवळ आली होती. ऊन पिकलेल्या केळ्यासारखं मऊ झालं होतं आणि समुद्र त्या उन्हात स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता. मामा पांढरा कोट घालून बसले होते, बोटीवरचा, पितळी बटणांचा. तो त्यांना आता दोन मापं मोठा होत होता. पुढ्यात पाटावर पाच बीकर. विंटेज मामींनी दूध गाळायच्या फडक्यातून गाळून घेतली होती. गंगारामभाऊ पंच. कुठल्या बीकरात कुठली बाटली, त्याचा कागद त्यांच्याकडे. बायका माजघराच्या दारात दाटीवाटीने उभ्या, सगळ्यात मागे मामी. त्यांच्या हातात पदराचं टोक होतं, त्याचा पीळ घातला जात होता.

मी मामांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला.

मामांनी पहिला बीकर उचलला. हुंगला. घोट घेतला, तोंडात फिरवला. त्यांच्या कपाळावर आठी आली. दुसरा घेतला. मग घाईघाईने तिसरा. आणि बीकर खाली ठेवला.

"काय झालं, बटलर?" गंगारामभाऊ म्हणाले. "पाणी देऊ जरा?"

"पहिल्यात," मामा सावकाश म्हणाले, "जांभूळ आहे."

ओटीवर हशा पिकला. गंगारामभाऊंनी मांडीवर थाप मारली. "रुबी लिवलंय हितं, रुबी! चूक!" त्यांनी कागदावर मोठी फुली मारली. "दुसरा?"

"दुसऱ्यातही जांभूळ. पण पहिल्यातलं बाजारचं, पाली गावचं, टोपलीत पिकलेलं. ह्यातलं..." त्यांनी जिभेने ओठ चाटले. "ह्यातल्याला मागून जराशी खारट चव आहे. समुद्राचा वारा खाल्लेलं झाड आहे. आपल्या विहिरीवरचं."

"ते झाड पडून पंधरा वर्षं झाली, आत्माराम! शेरी हाय ती. चूक!"

"तिसऱ्यात गूळ जास्त. त्या वर्षी जांभूळ आंबट असणार. चौथ्यात काजूची आहे, पहिल्या धारेची. हात भ्यालेला आहे ओतणाऱ्याचा, थोडी कमी ओतलीय."

"चूक! चूक!" लोक आता उघड हसत होते. कुणीतरी म्हणालं, "म्हातारा भरकटला." मामांनी पाचवा बीकर उचलला, पण तो ओठांशी जाईना. रुमालाखालून एक थेंब गालावर उतरला. "सगळ्यांत जांभूळच कसं लागतंय मला," ते पुटपुटले. "गेली बहुतेक. जीभ गेली."

मी दाराकडे पाहिलं. मामी तिथे नव्हत्या. त्या ओटीवर आल्या होत्या. लग्न होऊन आल्यापासून बाप्यांच्या बैठकीत त्या कधी आल्या नव्हत्या.

"गंगारामभावजी," त्या म्हणाल्या, "त्या फुल्या खोडा."

"आँ?"

"खोडा म्हणते ना! चारही बरोबर हायत. जांभूळच हाय. पहिल्यातलं पालीचं, दुसऱ्यातलं विहिरीवरचं. गूळ जास्त पडला ते यमुनाच्या धाकटीच्या वर्षी. आणि काजूची मी ओतली. भीत भीत."

हसू जिथल्या तिथे थांबलं. मग यमुनाबाई पुढे झाल्या आणि नवऱ्यापुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माज्या बाबूच्या वेळेला पहिल्यांदा उघडली ती. तेव्हा तुमी खाली कोळसा ओढत होतात. त्या बाटलीनं मी जिती हाय, म्हणून तुमाला आज सकाळी घावन मिळाले."

गंगारामभाऊंनी कागदाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि खिशातून पेन्सिल काढून एकेक फुली नीट खोडली.

मामांनी रुमाल सोडला नव्हता. "आनंदी," ते अंधारातच म्हणाले, "किती वर्षं?"

"बत्तीस. तुमीच सांगितलं होतं, रिकामी करायची नाय म्हणून." मामींनी पाचव्या बीकराकडे पाहिलं. "तुमचं बक्षीस मी उष्टं केलं."

मामांनी पाचवा बीकर ओठांना लावला. किती वेळ घोट तोंडात धरून बसले कोण जाणे. समोर सूर्य पाण्याला टेकला होता. मला पुन्हा ते जहाज दिसलं, वारा पडलेला, पेले मांडलेले, आणि टाळ्यांसाठी उभं राहिलेलं जेवणघर. फक्त या वेळी उभ्या होत्या त्या आळीतल्या बायका.

"आहे," मामा म्हणाले. "खाली, अगदी तळाशी आहे विंटेज. जिवंत आहे अजून. पण तिला नवं पाणी वर्षानुवर्षं कुणीतरी घालत आलंय. कप्तानाने अशी चाखली नसेल कधी." मग त्यांनी रुमाल काढला आणि मामींकडे बीकर धरला. "आता तू सांग. वय किती?"

मामींनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "बाबूपेक्षा मोठी."

त्या संध्याकाळी सगळ्यांना चमचा चमचा मिळाली. मलाही, परवाना असल्यामुळे. त्या चमचाभरात जांभूळ होतं, लाकूड होतं, उन्हाने तापलेली जहाजं होती, आणि माझी दोन्ही मुलं ज्या खोलीत जन्मली त्या खोलीतला शेगडीचा वास होता. गंगारामभाऊंनी चमचा चाटून पुसून परत पुढे केला. "वहिनी, आणिक एक?"

"बाळंत व्हा," मामी म्हणाल्या, "मग देते."

घरी येऊन मी वहीत मामींच्या तोंडची दुसरी ओवी लिहिली. बाटल्या पुन्हा भरताना त्या ती म्हणत होत्या, आणि रुबीच्या बाटलीत माझी ती दुकानातली धुळकट पोर्ट ओतत होत्या. "धाकटी हाय. शिकेल," म्हणाल्या.

जुन्या गं घागरीत नवं पाणी ओतियलं,
नव्यानं जुन्यापाशी आपलं नाव सांगितलं.

पुढे मामींनी जनीकडची काजूची सोडली. "मास्तरचा परवाना हाय ना, कायद्याची ब्रँडी आणू," म्हणाल्या. म्हणजे परवाना दर वर्षी नवा करणं आलं. पुढच्या सप्टेंबरात मी अर्ज घेऊन कचेरीत गेलो. तेच कारकून, तोच चष्मा. 'कारण' या रकान्याशी येऊन माझा हात थांबला. गेल्या वर्षीचं अग्निमांद्य आळीच्या ओव्याने कधीच बरं केलं होतं, आणि पुन्हा खोटं लिहायची मला लाज वाटली. मी सगळी हकिकत सांगितली.

कारकुनांनी चष्मा काढला. "मांडवीच्या आनंदीमामी? चमच्याने पाजतात, लाल? माझी बायको मांडवीचीच. थोरलीच्या वेळी माहेरी गेली होती, ती अजून त्या चमच्याचं सांगते." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, अर्ज स्वतःकडे ओढला आणि त्या रकान्यात आपल्या सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं: 'आरोग्यरक्षण. अर्जदाराच्या आळीचे.'

मग शिक्का मारताना ते हळूच म्हणाले, "मास्तर, आमच्या थोरलीला सातवा लागलाय. डिसेंबरात तिला मांडवीला आजोळी पाठवू का?"